लाल गालांचे गुरुजी

वडिलांच्या दहाव्याला रामकुंडावर आम्हांला जे गुरुजी मिळाले, ते सत्तरीचे, गोरेपान होते. गाल आणि नाक मात्र लालभडक. माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, माझ्या कानाशी पुटपुटले, "सकाळीच घेतलेली दिसते. दुसरे गुरुजी बघू."

गुरुजींनी ते ऐकलं. त्यांना सवय असावी. हातातले दर्भ खाली ठेवून ते दाजींच्या अगदी तोंडाशी आले आणि त्यांनी लांब श्वास सोडला.

"घ्या वास, जावईबापू! गोऱ्या कातडीला वय झालं की गालावरच्या बारीक शिरा दिसायला लागतात. डॉक्टर म्हणतात, ऊन टाळा, आग टाळा, गरम चहा टाळा. मग घाटावर येऊन मी करू काय? आणि आलो, तर यजमान असे हाकलायला बसलेले."

मी शेजारीच होतो. वास दारूचाच आला, पण तो दाजींच्या तोंडाचा होता. दाजींनी घाईने रुमाल नाकाला लावला.

"विधी तुम्हीच सांगा," मी गुरुजींना म्हणालो.

त्यांनी दर्भ उचलले, दाजींच्या काळ्यासावळ्या, शांत चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सावळ्या रंगाचं एक बरं असतं."