नळीशिवाय एक रात्र

ती माझी पाठची बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण डोकं माझ्या दुप्पट. हे मी कुणापुढंही कबूल करतो, कारण तिला शाळेत मीच घातली. मी स्वतः सातवीतून बाहेर पडलो. पन्नास गावांत तिच्या तोडीची माशी पकडणारी नाही. असेल तर दाखवा.

खोटं वाटेल, पण सरकार तिला माशा पकडायचा पगार देतं. उष्ट्यावर बसते ती माशी नव्हे. ही तिळाएवढी, वाळूच्या रंगाची, मातीच्या भिंतीवर पंख उभारून बसते. आजारी माणसाला चावते, मग धडधाकट माणसाला, आणि एकाचा ताप दुसऱ्याच्या अंगात नेऊन सोडते. महिनोन् महिने तो उतरत नाही. पोट फुगतं, हातपायांच्या काड्या होतात. आमची आई त्यातच गेली. बहीण तेव्हा नऊ वर्षांची होती.

आता ती पहाटे लोकांच्या घरांत, गोठ्यांत शिरते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात रबरी तोंडाची काचेची नळी. भिंतीला नळी लावून श्वास ओढला की माशी आत. मध्ये जाळी असते, म्हणून घशात जात नाही. मी एकदा करून बघितलं, तर माशी राहिली भिंतीवर आणि तोंडात आली धूळ.

जिथं माशा, तिथं तिची फेरी. आमचं गाव तिनं इतकं साफ करून घेतलं की तीन वर्षांत एक माशी सापडली नाही. गाव तिच्या यादीतून गेलं, भिंतींवर औषधाची सरकारी फवारणी तेवढी दरसाल चालू राहिली, आणि तिचं येणंही तुटलं. अकरा महिने परक्यांच्या ओसरीवर निजली. कुठल्याही भिंतीला पाठ लागली की तिला घरची मागली खोली आठवायची. तिथल्या कोपऱ्यात आई तिला कुशीत घेऊन झोपायची. त्या कोपऱ्यात एक रात्र झोपायचं, पार उजाडेपर्यंत, आणि नळीला हात लावायचा नाही. एवढंच तिला हवं होतं.

रजा मिळाल्याचा तिचा फोन आला आणि मी कामाला लागलो. बहीण एवढी मोठी होऊन येणार, आणि भिंतींवर फवारणीचे पांढरे ओघळ? चार दिवस चिखल तुडवून अख्खं घर एकट्यानं लिंपून काढलं.

ती संध्याकाळी आली. पिशवी खाली ठेवायच्या आत मी तिला कोपऱ्यात नेलं.

"हात फिरवून बघ. लोणी आहे लोणी."

तिनं तळवा भिंतीला लावला आणि तसाच ठेवला.

"दादा, फवारणी कधी झाली?"

"झाला दीड महिना."

"आणि लिंपलंस कधी?"

"गेल्या आठवड्यात."

"औषधावरून?"

"मग काय, ते ओघळ तुला दाखवायला ठेवू?"

बायको चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "मी सांगत होते यांना. तर म्हणाले, तू गप्प बस, बहीण माझी आहे."

"गावोगाव घसा कोरडा करते मी, वहिनी. फवारल्यावर तीन महिने भिंत लिंपू नका, औषध झाकलं जातं. आणि इथं माझाच भाऊ."

आवाज चढवला नाही तिनं. जेवली. कोपऱ्यात अंथरूण टाकून भिंतीकडं तोंड करून पडली. ओल्या मातीचा वास येत होता, आईच्या वेळी यायचा तसाच. तिनं मन भरून घेतला. डोळा मात्र लागला नाही. हे तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. मी बाहेर ओसरीवर आडवा झालो होतो. म्हटलं, पोरगी निवांत झोपली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच मागल्या खोलीत उजेड दिसला. आत गेलो तर नळी तिच्या तोंडात. तिनं खुणेनं मला बॅटरी धरायला लावली.

उशीच्या उंचीवर, माझ्या लोण्यासारख्या भिंतीवर, दोन माशा बसल्या होत्या. तिनं दोन श्वासांत दोन्ही ओढल्या आणि नळीला कापसाचा बोळा लावला. मग वहीत आमचं घर लिहिलं.

"परवा माणसं येतील, पुन्हा फवारतील. हात लावलास भिंतीला तर बघ. आणि आता दर पंधरा दिवसांनी मला यावं लागेल."

"म्हणजे येशील?"

"यावंच लागेल."

ती माझ्याकडं बघत नव्हती, कोपऱ्याकडं बघत होती. मला आनंद झाला, आणि झाला याची लाजही वाटली. बॅटरी मात्र मी शेवटपर्यंत सरळ धरली.