नमद्यावर कापलेलं चित्र

बुरुल आपाने जावयाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी तंबूच्या खांबाला कोट घालून दारात उभं केलंय. मेदेर इतका उंच, की त्याने आत यायला वाकायला सुरुवात केली तेव्हा चहा उकळायला ठेवला होता आणि तो बसेपर्यंत निवला. जावयाचा मान म्हणून पुढ्यात मेंढीच्या छातीचं मांस ठेवलं, तर या गृहस्थाने खिशातून पेन्सिल काढून त्याचं चित्र काढलं.

"जावईबापू, ते खायचं असतं," आपा म्हणाली. "चित्राला बाहेर जिवंत मेंढ्या आहेत."

"आतून जास्त सुंदर असतात, आई."

"हे तर खाटीकही सांगेल."

पुढे लेकीची, नुरझातची, मूत्रपिंडं निकामी होत गेली आणि थट्टा आटली. त्यांच्या डोंगराळ नारीन गावात इलाज नव्हता. राजधानीतल्या चित्रकार संघाने मेदेरचं एक चित्र मागवलं होतं. ते पसंत पडलं तर तिथे खोली मिळणार, आणि खोली असेल तरच तिथल्या मोठ्या इस्पितळात नुरझातचं नाव लागणार.

त्यासाठीच मेदेर तिच्या उशाशी बसून एक भलंमोठं चित्र काढत राहिला. मुळं म्हणावीत तर मुळं, आतडी म्हणावीत तर आतडी, वळत वळत एकमेकांत शिरलेली. "हे तुझंच आहे," तो बायकोला म्हणायचा. आपा ऐकत होती.

चित्र न्यायला संघाचा ट्रक यायच्या दिवशी मेदेरला सरपण आणायला जावं लागलं. जाताना तो म्हणाला, "आई, ट्रकवाला आला तर चित्र देऊन टाका."

परतला तेव्हा आपा जमिनीवर ओणवी होती. तांबड्या नमद्यावर, दाबलेल्या लोकरीच्या जाड पट्टीवर, काळा नमदा, त्यावर त्याचा कागद, आणि तिची सुरी रेषेरेषेवरून तिन्ही थर एकदम कापत चाललेली.

"आई, चित्र?"

"दिलं की. तुम्ही काढलेलं, भिंतीवरचं घोड्यांचं. चादरीत नीट गुंडाळून दिलं."

"आणि हे?"

"हे शहरात कोण बघणार? ही नमद्याची नक्षी. तुम्हीच म्हणालात, हिचं आहे. हिच्या अंगाखाली अंथरायला करतेय. बघा, तांबड्यातलं काळ्यात किती चपखल बसतंय."

मेदेर कागदाच्या तुकड्यांत खाली बसला. आपाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. तेव्हा आपाला सगळं कळलं, आणि हातातली सुरी कुठे ठेवावी ते कळेना.

संघाने घोडे परत पाठवले. बर्फ वितळायच्या आत नुरझात गेली. मेदेर आता नारीनच्या बसस्थानकात गाड्यांच्या पाट्या रंगवतो.