केरबा आणि माळावरची चूल

केरबाच्या माळावर टेंट ठोकायचा असेल तर आधी केरबाचं ऐकून घ्यावं लागतं. पाहुणा पुण्याचा असो की मुंबईचा, गाडी कितीही लांबलचक असो, तो सगळ्यांना ओट्यासमोर उभं करतो आणि मोठ्यांकडे साफ दुर्लक्ष करून फक्त पोरांशी बोलतो. मोठी माणसं सुधारत नाहीत, हे त्याचं ठाम मत. लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या एका बंगल्यात पंधरा वर्षं माळीकाम करून त्यानं ते कमावलं होतं. दर सोमवारी हिरवळीतून बुचं, काचा आणि कोंबडीची हाडं वेचताना माणसाला पाहुण्यांविषयी बरंच काही कळतं.

माळ त्याचा स्वतःचा. मळवली स्टेशनात उतरून विसापूरच्या अंगाला तास-सव्वा तास चाललं की भातखाचरं संपतात, ओढा लागतो आणि ओढ्यापलीकडे हा माळ. एका टोकाला पत्र्याचं घर, पुढे ओटा, शेजारी बोरीचं झाड. दुसरं घर हाकेच्या अंतरावर नाही. केरबाला आता अडुसष्ट वर्षं उलटली आहेत, कान शाबूत आहेत, गुडघे नाहीत.

त्याचे धडे ठरलेले. ओढ्यात साबण लावायचा नाही. पाणी डब्यात भरून पन्नास पावलं लांब न्यायचं आणि तिथं काय ते धुवायचं. बांधावरून चालायचं, खाचरात पाय टाकायचा नाही. दगड उलटला तर परत होता तसा ठेवायचा, कारण त्याच्याखाली कुणाचं तरी बिऱ्हाड असतं. परसाकडे जाताना खुरपं न्यायचं आणि मांजर करतं तसं झाकून यायचं. इथं पोरं हमखास खिदळतात. केरबा त्यांचं खिदळून होईपर्यंत गंभीर चेहऱ्यानं थांबतो आणि मग तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणतो.

सगळ्यात मोठा धडा चुलीचा. ओढ्यातले तीन दगड आणून चूल मांडायची. निघायच्या दिवशी तिच्यावर पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि मग राखेवर पालथा हात टेकवायचा. "तळव्याचं काय खरं न्हाई," तो सांगतो, "काम करून करून त्येचं कातडं मरतंया. पालथा हात खोटं बोलत न्हाई." हाताला गार लागलं की राख खाचरात उधळायची, दगड काळी बाजू खाली करून ओढ्यात ठेवायचे, जागेवर गवत-पाचोळा पसरायचा. आणि मग परीक्षा.

ही परीक्षा केरबाची नव्हे, त्याच्या बायकोची. अकरा वर्षांपूर्वी तळेगावचे राजेंद्र सर पहिल्यांदा चार-पाच कुटुंबं घेऊन आले होते. सर तिथल्या शाळेत भूगोल शिकवतात. डोंगरांची नावं सगळी पाठ, पण जाताना माळाच्या मधोमध काळाकुट्ट डाग ठेवून निघाले. सरूबाईनं पदर खोचला आणि भर रस्त्यात त्यांना अडवलं. "मास्तर, पावण्याच्या घरी जेवल्यावर उष्टं ताट तितंच टाकून जाता व्हय?" सर लाजले, परत फिरले, आणि पोरांना घेऊन तो डाग पुसला. पोरं हिरमुसली तशी सरूबाईच म्हणाली, आता आमच्या म्हाताऱ्याला बोलवा, चूल कुटं व्हती ते त्येनं वळखलं तर तुमी नापास.

तेव्हापासून दर जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, केरबा घरामागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. हाक आली की हात पाठीमागे बांधून माळावर यायचा, मातीचा वास घ्यायचा, डोकं खाजवायचं नाटक करायचा आणि तीन ठिकाणी तीन काटक्या रोवायचा. तिन्ही चुकीच्या. ओली माती त्याला वीस पावलांवरून दिसायची, पण तो बरोबर तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा. "न्हाई बा घावत," असं तो म्हणाला की पोरं सगळा माळ डोक्यावर घ्यायची आणि सरूबाई पदरातली बोरं वाटायची. एक नियम मात्र पक्का होता. हरलेल्याला जागा सांगायची नाही. पुसलेलं पुन्हा दाखवलं तर पुसलं कशाला?

गेल्या नोव्हेंबरात सरूबाई गेली.

भाताची झोडणी चालू होती. खळं यंदा माळावरच, गवतावर ताडपत्री अंथरून केलेलं, घरापासून बरंच लांब. गड्यांच्या चहाला तिनं तिथंच तीन दगड मांडले. दरवर्षी ती चूल नव्या जागी मांडायची, एका जागी जमीन जाळायची नाही असा तिचा हट्ट. त्या दिवशी सकाळी चहा झाला, कप विसळले आणि ती छातीवर हात ठेवून खाली बसली. गाडी येईपर्यंत वेळ गेला. जलदान झालं, बुद्धवंदना झाली, लेक अनघा आठ दिवस राहिली आणि बापाला भोसरीला नेण्यासाठी त्याच्याशी भांडून, रडून एकटीच परत गेली.

लेक गेल्यावर केरबानं एकच काम केलं. सरूबाईच्या चुलीतली राख वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर एक गळकं घमेलं पालथं घातलं. त्यानंतर तो तिकडे फिरकला नाही. त्याच्यानं जाववलंच नाही. रोज सकाळी गॅसवर चहा करायचा, ओट्यावर बसायचं आणि लांब माळावर तो काळा ठिपका बघत कप रिकामा करायचा. ठिपका जागेवर असला की वाटायचं, सरूबाई खळ्यावर आहे, हाक मारली तर ऐकू जाणार नाही एवढ्या लांब, पण आहे.

डिसेंबरात राजेंद्र सरांचा फोन आला. "यंदाही येतोय हं आबा. मावशी कशा आहेत?"

"हाय की," केरबा म्हणाला.

तोंडातून गेलं ते गेलं. नंतर सांगता आलं असतं, पण त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आले नसते असं नाही. आले असते, हळू आवाजात बोलले असते, पोरांना दटावत राहिले असते. केरबाला नेमकं तेच नको होतं. शिवाय या जगात कुणीतरी अजून सरूबाईला जिवंत समजतं, यात त्याला कसलातरी आधार वाटत होता. म्हणून शनिवारी सगळे आले आणि सरांच्या बायकोनं, अमृतावहिनींनी, मावशी कुठं म्हणून विचारलं, तेव्हा तो ठरवल्यासारखा म्हणाला, "लेकीकडं गेलीया, भोसरीला."

"अरे वा, बरं झालं. तेवढाच आराम," वहिनी म्हणाल्या.

टेंट त्यानं मुद्दाम ओढ्याकडच्या टोकाला लावायला सांगितले. खळ्याकडे जाऊ नका म्हणावं असं दोनदा मनात आलं, पण का, असं कुणी विचारलं असतं तर? मग नेहमीसारखं पोरांना ओट्यासमोर उभं केलं. सात पोरं होती. त्यांतली सरांची कौमुदी दहा वर्षांची, पाच वर्षांपासून न चुकता येणारी, शार्दूल आणि सुश्रुत हे जुळे भाऊ मात्र पहिल्यांदाच आलेले आणि प्रत्येक गोष्टीला "का?" विचारणारे. केरबा धडे बोलत गेला. खिदळणं झालं, पालथा हात झाला, आणि शेवटी अकरा वर्षांच्या सवयीनं तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं: "माळावर एकाबी चुलीचा मागमूस ऱ्हाता कामा न्हाई. एकाबी!"

"एकाही नाही?" शार्दूलनं विचारलं.

"एकाबी न्हाई," केरबानं ठासून सांगितलं.

दिवस छान गेला. त्यानं पोरांना खेकड्याचं बीळ दाखवलं, ओढ्याचं पाणी फडक्यातून गाळायला शिकवलं, सुश्रुतनं फेकलेला चॉकलेटचा कागद त्यालाच शोधायला लावला. हसण्याचे आवाज ऐकताना दोन-तीनदा त्यानं मागे वळून बघितलं, सरूबाईनं ऐकलं का ते पाहायला. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

रविवारी सकाळी तो घरामागे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. यंदा फार वेळ लागला. खिशातली बोरं, जी त्यानंच पहाटे गुडघे सांभाळत वेचली होती, तो चाचपत राहिला. शेवटी हाक आली.

"आबा, या! यंदा मोठ्यांनी हातसुद्धा लावला नाही, सगळं आम्ही केलं!"

केरबा हात पाठीमागे बांधून आला. टेंटजवळची ओली जागा लगेच दिसली, आणि तो सवयीनं तिच्याकडे पाठ करून वळला. पाठ वळवली तशी नजर खळ्याकडे गेली.

ठिपका नव्हता.

"यंदा दोन आहेत, आबा!" सुश्रुत उड्या मारत ओरडला. "आमची एक आणि एक जुनी! कुणीतरी घाण करून गेलं होतं तिकडे, राख तशीच, दगड तसेच!"

"तुम्ही म्हणालात ना, एकाही चुलीचा," शार्दूलनं आठवण करून दिली. "घमेलं तुमच्या ओट्यावर ठेवलंय. राख खाचरात टाकली. दगड ओढ्यात, काळी बाजू खाली. आता ओळखा, जुनी कुठे होती?"

केरबा खळ्याच्या दिशेनं चालत गेला. सगळीकडे सारखंच आखूड गवत, वर सारखाच पाचोळा. पोरांनी काम नामी केलं होतं. ओट्यावरून ठिपका रोज दिसायचा तो विसापूरच्या कड्याच्या नाकाखाली, एवढंच त्याला ठाऊक; पण किती लांब, किती अलीकडे, हे त्यानं कधी पावलांनी मोजलंच नव्हतं. त्यानं एक काटकी रोवली.

"चूक!"

तो चार पावलं पुढे गेला, वाकला, मातीचा वास घेतला. या खेपेला नाटक नव्हतं. मग दुसरी काटकी रोवली.

"चूक! चूक!"

तिसऱ्या काटकीला त्यानं एवढा वेळ लावला की मोठी माणसंही जवळ आली. राजेंद्र सर हसत म्हणाले, "आबा, यंदा फारच मनावर घेतलंय तुम्ही." केरबानं काटकी रोवली आणि पोरांच्या तोंडाकडे पाहिलं. अशी आशा लावून त्यानं कुणाकडे कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"चूक!" सातही पोरं एका आवाजात ओरडली.

"न्हाई बा घावत," केरबा म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं.

सगळे नाचायला लागले, पण कौमुदी नाचत नव्हती. ती केरबाकडे बघत होती. दर वर्षीचा त्याचा हरलेला चेहरा तिला पाठ होता आणि हा तो नव्हता. ती जवळ आली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "आबा, सांगू का मी? कुठे होती ते?"

हो म्हणायला ओठ उघडलेसुद्धा. एक शब्द, आणि ती बोटानं दाखवणार होती. पण मग ती विचारणार, का? आणि त्याला सांगावं लागणार. सांगितलं की या पोरीचा चेहरा पडणार, ज्या हातांनी तिनं परक्याची घाण समजून राख उचलली त्या हातांकडे ती बघत बसणार, आणि पुन्हा कधी कुणाच्या मागचं काही उचलताना तिला धास्ती वाटणार. एवढी शहाणी झालेली पोर आपल्या हातानं बिघडवायची? केरबाला ते जमेना.

"न्हाई," तो म्हणाला. "नेम त्यो नेम. पास झालासा समदी."

त्यानं बोरं वाटली. तळेगावकर मंडळींनी पिशव्या भरल्या, कचरा बरोबर घेतला, एक चिंधीसुद्धा मागे ठेवली नाही. निघताना अमृतावहिनींनी तिळाच्या लाडवांचा डबा त्याच्या हातात दिला. "मावशींना द्या हं आठवणीनं. पुढच्या वर्षी त्या हव्यात, तुम्ही एकटे बरे नाही वाटत."

"देतो," केरबा म्हणाला.

खाचरांच्या वळणावर त्यांचे आवाज गेले तोपर्यंत अकरा वाजले होते. केरबा ओट्यावर चढला, जिथं रोज बसायचा तिथं बसला आणि कड्याच्या नाकाची रेघ धरली. मग काखेत घमेलं मारून त्या रेघेवर चालू लागला. थोडं गेला की रेघ हलायची. तो परत यायचा, बसायचा, पुन्हा धरायचा. तीनदा असं झालं. चौथ्या खेपेला गुडघ्यांनी नकार दिला, तेव्हा तो खळ्याच्या आसपास खालीच बसला आणि सरकत सरकत जमिनीवर पालथा हात टेकवत गेला. इथं. इथं. जरा पुढे. राख कधीच गार झाली होती, सव्वादोन महिन्यांपूर्वीच, हे त्याला कळत होतं. तरी हात थांबेना.

जानेवारीतलं ऊन वर आलेलं. जिथं हात टेकवावा तिथं माती कोमट लागत होती. हा हात खोटं बोलत नाही असं त्यानं अकरा वर्षं पोरांना सांगितलं होतं, आणि आज तो माळभर सगळीकडेच तिची चूल आहे म्हणून सांगत होता. म्हणजे कुठंच नाही म्हणून.

केरबा रडला. नोव्हेंबरात लोकांदेखत त्याला रडता आलं नव्हतं, ते आता आलं, आणि ऐकायला कुणी नव्हतं म्हणून त्यानं आवाजही आवरला नाही. मग उपरण्यानं तोंड पुसलं.

"सरू," तो समोरच्या गवताला म्हणाला, "लय चांगली झाली गं पोरं. मला बी न्हाई घावलं."

त्यानं रोवलेल्या तिन्ही काटक्या उपटल्या, कारण त्याही मागे ठेवायच्या नव्हत्या, आणि रिकामं घमेलं घेऊन तो घराकडे निघाला.