बागेतल्या हौदाला कठडा कावून न्हाई?

बायांनो, आज बीडच्या सरकारी बागेत जे झालं त्याचा संताप अजून उतरला नाही.

शुक्रवारी बाग फक्त बायकांसाठी असते. शेजारची अमीनाबी, तलवाड्याहून आलेली माझी नणंद सखू आणि मी हौदाकाठी बसलो होतो. हौदाला कठडा नाही, काठावर नुसतं शेवाळ. अमीनाबी हात धुवायला वाकली आणि घसरून खोल पाण्यात गेली.

मी फाटकाकडे पळाले. पहारेकरी म्हणाला, "आज मर्दांना आत मनाई हाय, बाई. मी कसा येऊ?"

मी परत हौदाकडे धावले. शेवटी सखूनं लुगड्याचा पदर सोडून पाण्यात टाकला. अमीनाबीनं तो धरला आणि आम्ही दोघींनी तिला ओढून काढलं. पोटातलं पाणी ओकून ती माझ्या मांडीवर पडून राहिली.

मग बागेची देखरेख करणारे दारोगासाहेब फाटकाशी आले. मला वाटलं, आता कठड्याचं बोलतील. ते म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपासून बायकांना बाग बंद."

"मरता मरता वाचली ती, आन सजा आमालाच?" सखूनं विचारलं. ते पाठ फिरवून निघून गेले.

अमीनाबी आता बरी आहे. येत्या शुक्रवारी मी कठडा मागायला फाटकाशी जाऊन बसणार. तुमच्यातल्या कोण कोण येता?