कढईजवळचे वैद्य

नमकीनच्या कारखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते हातावर उमटतात. माझ्या डाव्या मनगटावर तीन आहेत, कोपराखाली दोन. बड्या गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत मी चाळीस वर्षं कढई सांभाळली. आता फार वेळ उभं राहवत नाही. खुर्ची टाकून बसतो आणि तेलावर लक्ष ठेवतो.

आमच्याकडे सेव झाऱ्यावर घासून पाडतात. खाली कढत तेल, वर झारा, झाऱ्यावर बेसनाचा गोळा आणि गोळ्यावर माणसाचा तळहात. मशीन नाही. हात चालला तर घर चालतं. म्हणून कोणी भाजलं की चार वैद्य धावतात. डॉक्टर एकही नाही!

*

बाबूलाल माल तोलून पुड्या बांधतो. त्याचं औषध टूथपेस्ट. एकदा भट्टीला हात लागला, तर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा लेप फासून तो तराजूपाशी बसला.

मी म्हटलं, "हाथ धो और घर जा."

"नाना, ठंडा लग रिया है."

दुसऱ्या दिवशी नेहमीचे एक गिऱ्हाईक आले. म्हणाले, "भिया, वो कल वाली पुदीने की सेव देना. घर में सबको पसंद आई!"

आमचे मालक सेठजी गल्ल्यावर होते. त्यांनी बाबूलालच्या हाताकडे पाहिलं. म्हणाले, "वो रोज नहीं बनती."

*

सेव पाडतो तो शंकर. धारच्या बाजूचा. त्याच्यासारखा हात या गल्लीत दुसरा नाही. हे मी म्हणतो, आणि मी कोणाची तारीफ करत नाही.

शंकरचा भरवसा मधावर. एकदा डाव्या पंज्याला चटका बसला. मध-हळद थापून तो दारात उभा राहिला. हात खाली केला की ठणकायचा, म्हणून पंजा उघडा, खांद्याच्या वर. डोळे मिटलेले.

दर्शनाला निघालेली एक बाई थांबली. पिवळा पंजा पाहून तिने वाकून नमस्कार केला आणि दोन केळी ठेवून गेली.

मी विचारलं, "बताया क्यों नहीं उसको?"

"नाना, उसने कुछ पूछा ही नहीं. आशीर्वाद माँगा, दे दिया."

*

माझ्या औषधाची गोष्ट वेगळी. ते खरोखर औषध होतं. चुन्याची निवळी, खोबरेल तेल आणि कोरफडीचा गर. घोटून घोटून लोण्यासारखं करायचं. गल्लीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या. मी नाही म्हणत नसे, पण कृती कोणाला सांगितली नाही.

माझी सून वैशाली अकोल्याची. इथल्या एका इस्पितळात नर्स आहे. लग्नानंतर तिने त्या औषधाची बरणी उघडून वास घेतला.

"नाना, यानं किती लोक बरे झाले?"

"सगळे."

"आणि हे न लावता किती झाले असते?"

मी जेवायला बसलो.

तीच पुढे म्हणाली, "छोटा चटका असेल, कातडी शाबूत असेल, तर पाण्यानं गार करून नुसती कोरफड लावा. माझी ना नाही. फोड आला, कातडी गेली, की काही लावायचं नाही. चुना तर कधीच नाही."

चौथी शिकलेल्या माणसाला सून शिकवते. मी बरणी कारखान्यात नेऊन ठेवली.

*

गणपतीचे दिवस होते. मालाला उसंत नव्हती. ड्यूटीवर जाता जाता वैशाली माझा डबा द्यायला आली होती. तेवढ्यात झारा निसटून कढईत पडला आणि तेल उसळलं. शंकरच्या उजव्या हातावर, बोटांपासून मनगटापर्यंत.

तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "नाना."

बाबूलाल ट्यूब घेऊन आला. शेजारचा चहावाला बटाटा किसून घेऊन आला. सेठजींनी देवाजवळचं तूप आणलं. मी बरणीचं झाकण काढलं.

सेठजी म्हणाले, "हटो सब. पहला हक नाना का."

सगळे बाजूला झाले. वैशाली मधे आली. आधी तिने शंकरच्या मनगटातलं कडं काढलं, "सूज चढली की निघायचं नाही." मग त्याला अंगणातल्या नळाखाली नेलं.

"बीस मिनट. कोई कुछ नहीं लगाएगा."

शंकरने विचारलं, "बहूजी, हाथ चलेगा?"

"अभी नहीं बता सकती. पानी के नीचे रखो."

बाबूलाल ट्यूब घेऊन मागून सरकतच होता. सेठजी तूप घेऊन उभेच. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी झाकण लावलं. खुर्ची उचलून नळासमोर टाकली आणि हातात दुसरा झारा घेऊन बसलो.

"नाना, तुम्हारी दवाई?" सेठजी म्हणाले.

"बंद है. जो पास आएगा, झारा खाएगा."

वीस मिनिटं कोणी आलं नाही! मग वैशालीने स्वच्छ धुतलेलं फडकं सैलसर गुंडाळलं आणि रिक्षातून त्याला इस्पितळात नेलं.

*

शंकर किती तरी दिवस पट्टी बांधून यायचा. माझ्या शेजारी बसायचा, दुसऱ्याची सेव बघायचा आणि तोंड फिरवायचा. बोटं मिटतील की नाही, हे कोणी विचारत नसे. तोही सांगत नसे.

दसऱ्याला तो पट्टीशिवाय आला. कातडी गुलाबी, नवी. त्याने माझ्यासमोर मूठ मिटली. उघडली. पुन्हा मिटली.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते, आणि टिळा लावायचा मान सेव पाडणाऱ्याचा. शंकरने ताट घेतलं. भट्टीला लावला, कढईला लावला, झाऱ्याला, तराजूला लावला. सेठजी नारळ घेऊन भट्टीपाशी उभे राहिले.

शंकर ताट घेऊन अंगणात निघाला.

"अरे, उधर किधर?"

"सेठजी, डॉक्टर साब तो बाहर हैं."

त्याने नळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल तोटीवर खोचलं. बाबूलाल हसायला लागला. वैशाली दारात होती, ती हसली नाही.

मी सेठजींच्या हातातून नारळ घेतला आणि नळापाशी जाऊन फोडला.