उस्ताज वहबीची हजेरी

अलेक्झांड्रियाच्या बंदरात लोकांचा माल सोडवून देणाऱ्या कंपनीत वहबी चिकटला, तेव्हा त्याच्याकडे दोन जाकिटं होती. एक अंगात घालायचं, दुसरं खुर्चीच्या पाठीला लटकवायचं. बाकीचे कारकूनही जाकीट लटकवूनच चहाला जायचे, पण त्यांना निदान थंडी तरी वाजायची. वहबीने तेवढीही तोशीस कधी घेतली नाही. सकाळी येऊन तो खुर्चीवरचं जाकीट जरा झटकायचा, टेबलावर एक फाइल उघडी टाकायचा आणि मागच्या जिन्याने उतरून थेट कॉफीहाउसात सोंगट्या खेळायला बसायचा. कुणी विचारलंच तर शेजारच्या टेबलावरचा कारकून बदवी म्हणायचा, "असेल इथेच कुठेतरी. जाकीट आहे ना!" एवढ्या भांडवलावर या गृहस्थाने नोकरीची सगळी वर्षं रेटली.

घरी मात्र त्याचा रुबाब बघून घ्यावा. "मी एक दिवस नसलो तर बंदर तुंबेल," असं तो जेवताना इनायतला, म्हणजे बायकोला, सांगायचा, आणि ती बिचारी त्याच्या ताटात आणखी एक मासा वाढायची. वैताग याचा, की तो थापही मारत नव्हता. त्याला ते मनापासून खरं वाटायचं. लबाड माणूस परवडला. स्वतःच्या लबाडीवर विश्वास ठेवणाऱ्याचं काय करायचं?

मग कंपनीत नेरमीन नावाची इंजिनीअर आली. गोदामापासून मुख्य ऑफिसापर्यंतची कॉम्प्युटरची लाइन दिवसातून दहादा तुटायची आणि अर्धवट लिहिलेले कागद दर वेळी हवेत विरायचे. नेरमीनने सगळ्यांचं काम सर्व्हरवर हलवलं. आता लाइन तुटो, समोरचं मशीन बंद पडो, ज्याचं त्याचं सेशन सर्व्हरवर जसंच्या तसं जिवंत राहायचं. अर्ध्या ओळीवर उठलेला माणूस दुसऱ्या कुठल्याही मशीनवर बसून तीच ओळ पुरी करू शकायचा. काम खरोखर सुंदर होतं. माकडांच्या हाती दिलं, एवढीच तिची चूक.

पहिलं माकड म्हणजे मॅनेजर बहगतसाहेब. ज्यांची सेशनं चालू आहेत त्यांच्या नावांपुढे हिरवा ठिपका दिसतो, हे कळताच त्यांनी ती यादी स्वतःच्या स्क्रीनवर मागून घेतली आणि हजेरी तिच्यावरून धरायला सुरुवात केली.

नेरमीन म्हणाली, "साहेब, ठिपका म्हणजे सेशन चालू आहे. माणूस बसलाय असं नाही."

"बाई, माणसाशिवाय काम कसं चालू राहील?" साहेब म्हणाले. "तुम्ही तुमच्या तारा बघा."

दुसरं माकड वहबी. हजला जाऊन आलेली म्हणून जिला सगळे हाज्जा म्हणायचे, त्या विभागप्रमुख बाईची उभी हयात या कामात गेली होती. वहबीने तिला कामाचं असं काही एक कधी विचारलं नव्हतं, पण नेरमीनला मात्र त्याने खोदून खोदून विचारलं. "म्हणजे मी स्क्रीनवरची खिडकी मिटली, घरी गेलो, तरी माझं नाव तिथे?"

"तुम्ही स्वतः सेशनमधून बाहेर पडत नाही तोपर्यंत."

वहबी त्यानंतर कधी बाहेर पडलाच नाही. एक कोरं पान उघडून त्याने सेशन चालू ठेवलं आणि कॉफीहाउसात सकाळपासूनच ठाण मांडलं. इतरांचे ठिपके संध्याकाळी विझायचे, याचा शुक्रवारच्या सुट्टीलाही तेवत असायचा. साहेब भारावले. हाज्जा निवृत्त होणार होती; तिच्या जागी विभागप्रमुख म्हणून त्यांनी चारचौघांत वहबीचं नाव घेतलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या ऑफिसात मान डोलवायला फार अक्कल लागत नाही.

नेमकं तेव्हाच वहबीच्या पोटातलं जुनं दुखणं उसळलं आणि तो रक्त ओकला. इनायतने त्याला हॉस्पिटलात नेलं. वॉर्डात आडवा पडल्यापडल्या या महाभागाचं पहिलं वाक्य काय असावं? "ऑफिसात कुणाला कळवू नकोस. जागा हातची जाईल."

त्यामुळे त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा कोळी होता. त्याच्याभोवती माणसांची ही गर्दी, पेरूंच्या पिशव्या, रस, गोड डबे. वहबी भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उद्याच करायला हवं, आणि त्याआधी रक्त देणारी माणसं आणा. इनायतच्या अंगात रक्त नव्हतं, मुलगा तारिक कुवेतला. ऑफिसात मात्र धडधाकट पुरुषांची रेलचेल होती. तिने नवऱ्याचं न ऐकता बदवीला फोन लावला.

तारिकची आई म्हणून तिला उम्म तारिक म्हणणारा बदवी हसायलाच लागला. "उम्म तारिक, काय बोलता! तो इथेच आहे. आत्ता साहेबांच्या स्क्रीनवर नाव बघून आलोय."

"अहो, हॉस्पिटलात पडलाय. पांढराफटक झालाय!"

बदवीचा आवाज एकदम खाली आला. "वहिनी, भावासारखं सांगतो, राग मानू नका. तो तुम्हाला फोनवरून असं काही कळवत असेल तर जरा चौकशी करा. या वयात पुरुष दुसरं घर थाटतात."

इनायतने फोन नवऱ्याच्या छातीवर टाकला. "घे. तुझ्या मित्राच्या मते तू तिकडे काम करतोयस आणि इकडे मला फसवतोयस. उद्या मेलास तरी तिथे हजरच असशील!"

वहबीने बदवीला स्वतः सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "थट्टा पुरे, ये चहाला." खुर्ची बघून यायची पद्धतच त्या ऑफिसात नव्हती. आता एकच वाट उरली होती, आणि तिने जायचं तर हाज्जाच्या जागेवर पाणी सोडावं लागणार होतं. त्याने नेरमीनला फोन केला.

"बंद करा माझं सेशन."

"साहेबांना लगेच दिसेल."

"दिसू दे."

"काही उघडं आहे? जपून ठेवू?"

"कोरं पान आहे," वहबी म्हणाला.

ठिपका विझला आणि थोड्याच वेळात बहगतसाहेबांचा फोन आला. "उस्ताज वहबी! कुठे आहात तुम्ही?"

"हॉस्पिटलात. रविवारपासून. रक्त हवंय, साहेब."

"रविवारपासून कसं? आत्तापर्यंत तर तुमचं काम चालू होतं."

"नव्हतं साहेब. मी नव्हतोच. नुसतं नाव चालू होतं. आधीही तसंच."

साहेबांनी फोन ठेवला. पण माणसं त्यांनी धाडली, हे मान्य करायला हवं. संध्याकाळी बदवी आला, आणखी तिघे आले, बाह्या वर करून रक्त देऊन गेले, पेरूंची पिशवीही आणली. बदवीने इनायतची दहादा माफी मागितली. हाज्जाची जागा आता बदवीकडे जाणार हे कुणी बोललं नाही, पण पेरू सोलून सगळ्यांना वाटत तोच होता, साहेबाच्या थाटात.

वहबीला राहवेना. "माझ्यामागे काही अडलं का रे?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आठवून आठवून बघितलं, भल्या माणसांनी. कुणालाच काही आठवेना.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा पुन्हा फोन आला. आवाजात राग औषधालाही नव्हता. वहबीने घाईघाईने सांगितलं की डॉक्टर पंधरा दिवस म्हणतात, पण तो आठवड्यात येईल, काम खोळंबायला नको.

"छे छे," साहेब म्हणाले, "हवी तेवढी सुट्टी घ्या."