सुखदेव गुरुजींकडचा चहा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — कारण आता पोटात ठेवायचा कंटाळा आला आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी धामणगाव बढ्याला मास्तर होतो. माझा डावा डोळा जुना दुखणेकरी — वरचेवर आतून सुजायचा, लालभडक व्हायचा. खामगावच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं : चहाने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, सुजलेल्या डोळ्यातलं रक्त काही वेळ मंद फिरतं, म्हणून चहा बेताचा ठेवा. सकाळी एक कप, संध्याकाळी एक — तेवढा खुशाल घ्या, म्हणाले. हे 'खुशाल' लक्षात ठेवा.

शाळेत माझ्यासोबत सुखदेव गुरुजी होते. डोळा बिघडला की माझा वर्ग तेच सांभाळायचे, वह्या तेच तपासायचे. घर नुकतंच बौद्ध झालेलं. त्यांच्या वस्तीत आमच्यापैकी कोणी पाणीही पीत नसे. एका संध्याकाळी ते मला आग्रहाने घरी घेऊन गेले. वहिनींनी नवी कपबशी काढली — बशीखाली दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. चहा समोर आला. आणि मी — मी डोळ्याला हात लावला.

रक्तवाहिन्या, सूज, रक्ताचं फिरणं — सगळं सांगितलं. फळ्यावर शिकवावं तसं, सावकाश. एक शब्द खोटा नव्हता. फक्त 'खुशाल' तेवढा गाळला.

"मंग नोका घेऊ, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "डोयापेक्षा चहा मोठा हाये काय?"

सुखदेव गुरुजींनी तर ते मनावरच घेतलं. पुढे कुणी माझ्यापुढे कप ठेवला की तेच आडवे यायचे — "गुरुजीले चहा नोका देऊ बा, डोया जाईन त्याईचा!" अशा माणसाला काय सांगणार होतो मी?

डोळ्याचं कारण नव्हतं हो. कप त्यांच्या घरचा होता, म्हणून घेतला नाही. लोक बाटला म्हणतील, आई चुलीपाशी येऊ देणार नाही — भ्यालो. आईवर ढकलता येईल, गावावर ढकलता येईल. पण आई तिथे नव्हती, गावही नव्हतं. हात माझाच होता. तो मी मागे घेतला.

झालं. सांगितलं एकदाचं. किती हलकं वाटतंय — इतकी वर्षं काऊन दडवलं, असं माझं मलाच वाटायला लागलंय.

त्यांची बदली झाली तेव्हा मी एस.टी.वर पोचवायला गेलो. खिडकीतून म्हणाले, "डोया संभाळजा, गुरुजी." मी मान हलवली.

आणि एक राहिलं. त्या संध्याकाळी त्यांच्याकडून निघालो, तो थेट घरी आलो. दिवसाचा दुसरा कप शिल्लक होता. आईने ठेवलेला चहा बसून प्यालो, वर साखर मागून घेतली.